धीराचे शब्द

(ग्रंथालयाच्या वाचकसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला काही शब्द वारंवार अडवितात. ते अवघड असतात म्हणून नव्हे, तर ते इतके साधे असतात की दुसऱ्या भाषेत त्यांना नेमकी जागा सापडत नाही म्हणून. 'धीर देणे' हा आपल्या मराठीतील असाच एक प्रयोग आहे. संस्कृतात 'धीर' हे विशेषण आहे. जो डगमगत नाही तो धीर, आणि त्याच्या अंगी असलेला गुण ते धैर्य. मराठीने त्या विशेषणाचेच नाम केले आणि त्याला जणू एखाद्या वस्तूचे रूप दिले. आपला धीर सुटतो, धीर खचतो, आपण धीर धरतो. आणि मुख्य म्हणजे, एक माणूस दुसऱ्याला धीर देतो. धैर्य ज्याचे त्याचे असते. धीर मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.

ह्याच कुळातील आणखी दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. 'दिलासा' हा फारसीतून आलेला. त्यात 'दिल' म्हणजे हृदय आहे. 'आश्वासन' हा संस्कृतातला, आणि त्यात श्वास आहे. आश्वस्त होणे म्हणजे मुळात कोंडलेला श्वास पुन्हा मोकळा होणे. निवडणुकीच्या सभांनी ह्या शब्दाची रया घालविली असली, तरी त्याचा मूळ अर्थ विसरण्याजोगा नाही. खचलेल्या माणसाला आपण जे देतो ते कसले वचन नसते. तो त्याला परत मिळालेला त्याचा स्वतःचाच श्वास असतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. अपयशाने ग्रासलेल्या माणसाला एखाद्या आवडत्या वडीलधाऱ्याच्या चार शब्दांनी पुन्हा उमेद कशी येते? त्या शब्दांत असे काय असते? प्रश्न जुना असला तरी तो केवळ सुभाषितांचा विषय नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींनुसार २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. प्रत्येकाचे कारण वेगळे असेल आणि ते सारे एका सूत्रात बसविणे योग्य होणार नाही. तरीही परीक्षेच्या निकालाच्या दिवशी घरातील वडील माणूस काय बोलतो, कसा बोलतो, की बोलतच नाही, ह्याला आज किती मोल आले आहे, हे निराळे सांगावयास नको.

मी आपणांपुढे तीन प्रसंग ठेवणार आहे. तीनही आपल्या देशातील विज्ञानाच्या इतिहासातील आहेत. हे क्षेत्र मी मुद्दाम निवडले. येथे नुसत्या गोड बोलण्याने काही साधत नाही. गणित चुकले तर ते चुकलेलेच राहते आणि अग्निबाण समुद्रात पडला तर तो पडलेलाच असतो. अशा ठिकाणी जो दिलासा उपयोगी पडला, त्यात काही खरे बळ असले पाहिजे.

पहिला प्रसंग १९२४ सालचा. ढाका विद्यापीठाची स्थापना होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. तेथे सत्येंद्रनाथ बोस हे तीस वर्षांचे प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवीत होते. मॅक्स प्लांक ह्यांनी १९०० साली मांडलेला प्रारणाचा नियम वर्गात शिकविताना त्याची प्रचलित सिद्धता त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी ती निराळ्या वाटेने, प्रकाशाच्या कणांची मोजणी करण्याची नवीच रीत वापरून, सिद्ध केली आणि त्यावर काही पानांचा निबंध लिहिला. इंग्लंडमधील एका मान्यवर नियतकालिकाकडे त्यांनी तो पाठविला. पण तो छापला गेला नाही. परदेशात शिकलेला नाही, डॉक्टरेट नाही, नाव कोणास ठाऊक नाही, अशा एका शिक्षकाच्या कल्पनेचा प्रवास बहुधा अशाच ठिकाणी संपतो.

बोसांनी जून महिन्यात तो निबंध बर्लिनला, अल्बर्ट आइन्स्टाइन ह्यांना पाठविला. सोबतच्या पत्रात त्यांनी एक जुनी ओळख सांगितली. आइन्स्टाइन ह्यांचे सापेक्षतेवरील निबंध इंग्रजीत आणण्याची परवानगी पूर्वी कलकत्त्याहून कोणी मागितली होती. ते भाषांतर करणाऱ्यांपैकी आपण एक, असे त्यांनी लिहिले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस ह्यांनी केलेला तो अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केला होता. भाषांतरकाराने आपल्या मूळ लेखकाकडे मागितलेली ही दाद होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आइन्स्टाइन त्या वेळी पंचेचाळीस वर्षांचे होते आणि जगातील सर्वांत ख्यातनाम वैज्ञानिक होते. त्यांना एखादे सौजन्याचे पत्र लिहून मोकळे होता आले असते. त्यांनी केले ते वेगळेच. तो इंग्रजी निबंध त्यांनी स्वतः जर्मन भाषेत आणला, ह्या कामाचे महत्त्व सांगणारी स्वतःची टीप त्याला जोडली आणि जर्मनीतील प्रमुख नियतकालिकात तो प्रसिद्ध करविला. बोसांना त्यांनी स्वहस्ते लिहिलेले एक पोस्टकार्ड पाठविले. ते कार्ड पाहून विद्यापीठाने बोसांना दोन वर्षांची अभ्यासरजा दिली आणि जर्मन वकिलातीने शुल्क न घेता प्रवेशपरवाना दिला, असे बोस पुढे सांगत असत. पुढील पत्रांत त्यांनी आइन्स्टाइन ह्यांना गुरू म्हणून संबोधिले.

हकीकतीचा दुसरा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. बोसांनी लगोलग दुसरा निबंध पाठविला. आइन्स्टाइन ह्यांनी त्याचाही जर्मन अनुवाद केला, तोही प्रसिद्ध करविला; पण ह्या वेळी जोडलेल्या टिपेत आपणांस हे प्रतिपादन मान्य नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ज्याने पाठीवर हात ठेवला, त्यानेच चूक वाटली ती चूक म्हणून दाखविली. माझ्या मते पहिल्या टिपेची किंमत ह्या दुसऱ्या टिपेमुळे वाढते. जो माणूस सर्वच गोष्टींना 'छान' म्हणतो, त्याच्या 'छान'ने कोणाचीही उमेद वाढत नाही. आणि जो नापसंती लिहूनही तुमचे भाषांतर करण्याचे कष्ट घेतो, त्याने तुम्हांला बरोबरीचे मानलेले असते.

दुसरा प्रसंग १९५८ सालचा. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेतून विमानविद्येचे शिक्षण घेतलेला एक तरुण हवाई दलातील निवडीसाठी डेहराडूनला गेला. रामेश्वरमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या ह्या मुलाने विमान चालविण्याचे स्वप्न उराशी बाळगले होते. पंचवीस उमेदवारांत त्याचा क्रमांक नववा आला आणि जागा आठच होत्या. हा तरुण म्हणजे ए. पी. जे. अब्दुल कलाम. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे; माधुरी शानभाग ह्यांच्या 'अग्निपंख' ह्या अनुवादातून ती मराठी वाचकांच्या परिचयाची आहे.

निराश मनाने ते ऋषिकेशला गेले, गंगेत त्यांनी स्नान केले आणि स्वामी शिवानंदांच्या आश्रमाची वाट धरली. स्वामी त्या वेळी सत्तरीच्या घरात होते. संन्यास घेण्यापूर्वी मलायात त्यांनी डॉक्टर म्हणून काम केले होते. कलाम लिहितात की, आपण काही सांगण्याआधीच स्वामींनी आपल्या दुःखाचे कारण विचारले. मुसलमान नावाचा त्यांच्या मनात काही प्रश्नच उठला नाही. तरुणाने सारे सांगितल्यावर स्वामींनी त्यास समजाविले की, वैमानिक होणे तुझ्या वाट्याला नव्हते. हे अपयश विसरून जा आणि आपण कशासाठी आहोत त्याचा शोध घे.

चिकित्सक वाचक येथे म्हणेल की, असे तर कोणीही सांगतो. हे खरे आहे. ह्या उपदेशात नवे काही नाही. नवे असेल तर ते त्याच्या आधी घडलेले. जुन्या डॉक्टरच्या नजरेने एका वृद्धाने समोरच्याचा चेहरा वाचला, विचारपूस केली, सगळे ऐकून घेतले आणि नंतर तोंड उघडले. औषधापूर्वी निदान असते, तसे सांत्वनापूर्वी ऐकणे असते. आपण बहुतेक जण हा क्रम उलटा करतो. मुलाचे वाक्य पुरे होण्याआधीच आपला उपदेश सुरू झालेला असतो. स्वामींनी आणखी एक गोष्ट केली नाही. 'पुढल्या वेळी नक्की निवड होईल' असे ते म्हणाले नाहीत. बंद झालेले दार बंद झाले आहे, असेच त्यांनी सांगितले. फक्त घराला तेवढेच एक दार नसते, ह्याची आठवण करून दिली. कलाम दिल्लीस परतले आणि महिना २५० रुपये मूळ वेतनावर संरक्षण खात्याच्या तांत्रिक विकास विभागात रुजू झाले.

तिसरा प्रसंग ह्याच तरुणाच्या उत्तर आयुष्यातील, आणि माझ्या सांगण्याचा मुख्य भाग तोच आहे. उपग्रह कक्षेत सोडू शकणारा पहिला भारतीय अग्निबाण, एस.एल.व्ही.-३, तयार करण्याच्या प्रकल्पाचे कलाम हे संचालक होते. चार टप्प्यांचा, सुमारे २३ मीटर उंचीचा आणि १७ टन वजनाचा हा अग्निबाण १० ऑगस्ट १९७९ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून उडाला. पहिल्या टप्प्याने आपले काम चोख केले. दुसऱ्या टप्प्यात तोल गेला. ३१७ सेकंदांनंतर उड्डाण संपले आणि अनेक वर्षांचे काम बंगालच्या उपसागरात बुडाले. नंतरच्या तपासात कारण सापडले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतील एक झडप अडकून राहिली होती, तेथून नायट्रिक आम्ल गळून गेले होते आणि ऐन वेळी यंत्रणेत बळ उरले नव्हते. उड्डाणापूर्वी संगणकाने थांबण्याचा इशारा दिला होता आणि तरीही पुढे जाण्याचा निर्णय आपण घेतला, असे कलाम आपल्या व्याख्यानांत मोकळेपणाने सांगत.

त्या दिवशी दोन वडीलधाऱ्यांनी त्यांना सावरले. दोघांच्या रीती अगदी निराळ्या होत्या.

पहिले डॉ. ब्रह्म प्रकाश. धातुशास्त्रातील हे थोर जाणकार त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे प्रमुख होते आणि त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. कित्येक दिवसांच्या जागरणाने थकलेले कलाम उड्डाणानंतर आपल्या खोलीत जाऊन अंथरुणावर कोसळले. दिवस कलताना खांद्यावर हळुवार हात पडला म्हणून ते जागे झाले. शेजारी डॉ. ब्रह्म प्रकाश बसले होते आणि जेवायला जाऊ या का, असे विचारीत होते. त्यापूर्वी ते दोनदा येऊन गेले होते. कलाम झोपलेले पाहून त्यांना न उठविता परतले होते आणि स्वतः जेवायचे थांबले होते. हे कलामांना मागाहून कळले. जेवताना त्यांनी इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. अग्निबाणाचा विषय निघणार नाही ह्याची काळजी घेतली.

मित्रहो, धीराच्या शब्दांविषयी आपण बोलत आहोत, आणि येथे शब्द आहेत ते केवळ जेवणाविषयीचे. आपल्या घरांतूनही हेच घडत आले आहे. निकाल बिघडलेल्या मुलाला आजी काही सांगत बसत नाही. ताट वाढते आणि 'आधी दोन घास खाऊन घे' म्हणते. त्या वाक्यात निकालाचा उल्लेख नसतो, तरी त्याचा अर्थ मुलाला कळतो: तू पास झालास काय किंवा नापास झालास काय, ह्या घरातील तुझे पान मांडलेलेच आहे. दिलासा द्यावयाचा तर आधी हे सांगावे लागते. हे एकदा पोहोचले की मग चुकीची चर्चा करता येते. ते पोहोचले नसेल तर चुकीची प्रत्येक चर्चा ही शिक्षाच वाटते.

दुसरे प्रा. सतीश धवन. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक आणि त्याच वेळी भारतीय अंतराळ संशोधन संघटनेचे अध्यक्ष. उड्डाण फसल्यावर पत्रकार जमले. टीका होणार हे उघड होते; खर्चाचा हिशेब मागितला जाणार होता. प्रकल्पाचे संचालक म्हणून उत्तर देण्याची पाळी कलामांची होती. धवन ह्यांनी ती स्वतःकडे घेतली. पत्रकारांपुढे बसून त्यांनी सांगितले की, आपण अपयशी ठरलो आहोत. परंतु आपल्या सहकाऱ्यांवर आपला विश्वास आहे आणि त्यांना आणखी पाठबळ देण्याची गरज आहे, म्हणजे वर्षभरात ते यशस्वी होतील.

पुढील अकरा महिने दोष शोधण्यात, यंत्रणा सुधारण्यात आणि पुन्हा पुन्हा चाचण्या घेण्यात गेले. १८ जुलै १९८० रोजी सकाळी एस.एल.व्ही.-३ पुन्हा उडाला आणि ३५ किलो वजनाचा 'रोहिणी' उपग्रह त्याने पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेऊन सोडला. पत्रकार पुन्हा जमले. ह्या वेळी धवन ह्यांनी कलामांनाच पुढे केले. आजची पत्रकार-परिषद तुम्ही घ्या, असे सांगितले. अपयश आले तेव्हा प्रमुखाने ते आपले म्हटले आणि यश आले तेव्हा ते सहकाऱ्यांना दिले. नेतृत्वाचा हा धडा आपणांस कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही, असे कलाम अखेरपर्यंत सांगत राहिले.

आता हे तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहू. आइन्स्टाइन ह्यांनी भाषांतराचे कष्ट घेतले. शिवानंदांनी ऐकण्यासाठी वेळ दिला. ब्रह्म प्रकाश उपाशी थांबले. धवन ह्यांनी टीकेचे घाव स्वतःच्या अंगावर घेतले. प्रत्येक ठिकाणी शब्द थोडेच आहेत, पण प्रत्येक शब्दामागे बोलणाऱ्याने स्वतःचे काही तरी खर्च केलेले आहे. माझे सांगणे एवढेच आहे: धीर देता येतो तो स्वतःजवळच्या साठ्यातूनच. ज्याला काहीही द्यावे लागत नाही, त्याचे बोलणे कितीही रसाळ असो, ऐकणाऱ्याला ते फुकट मिळाल्याचे कळते आणि तो ते तसेच टाकून देतो.

दुसरी गोष्ट. ह्या चौघांपैकी एकानेही खोटे सांगितले नाही. 'काही झालेच नाही', 'नशीबच वाईट', 'दोष दुसऱ्याचा' अशी वाक्ये येथे कोठेच नाहीत. दुःख हलके करण्यासाठी सत्य हलके करण्याची गरज त्यांना भासली नाही. उलट, अपयश हे अपयश म्हणून मान्य केल्यामुळेच त्याचे कारण शोधणे शक्य झाले. समुद्रात पडलेल्या अग्निबाणाविषयी कोणी 'तसा तो यशस्वीच होता' असे म्हटले असते, तर ती अडकलेली झडप कोणी शोधली असती?

तिसरी गोष्ट घेणाऱ्याविषयी आहे. मिळालेला धीर हातात धरून बसता येत नाही. तो कामात घालावा लागतो. बोस युरोपातून परतून पुन्हा ढाक्यातच शिकवू लागले आणि पुढे १९४८ साली बंगालीतून विज्ञान सांगणारी परिषद त्यांनी स्थापन केली. कलामांचे अकरा महिने चाचण्यांत गेले. वडिलांच्या शब्दांनी अपयश पुसले जात नाही. पुन्हा कामाला बसता येईल एवढीच शक्ती त्यांतून मिळते. तेवढी पुरते.

कोणी विचारील की, ही सारी मोठ्यांची उदाहरणे. सामान्यांनी त्यांतून काय घ्यावे? परंतु ज्या घटकेला धीर मिळाला त्या घटकेला ह्यांपैकी कोणीच मोठे नव्हते. एक होता छापण्यास कोणी तयार नसलेल्या निबंधाचा कर्ता. दुसरा, आठ जागांसाठी नववा आलेला उमेदवार. पुढे तोच उमेदवार, आपले काम डोळ्यांदेखत बुडालेले पाहणारा अभियंता. त्यांचे मोठेपण त्या दिवशी कोणास दिसत नव्हते. ज्यांनी धीर दिला त्यांनी भावी राष्ट्रपतींना किंवा जगद्विख्यात शास्त्रज्ञाला दिला नाही. समोरच्या खचलेल्या माणसाला दिला. आपल्या घरातील खचलेला मुलगा किंवा मुलगी पुढे कोण होणार हे आपणांसही ठाऊक नाही, आणि धीर देण्यासाठी ते ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही.

ज्यांना असे वडीलधारे लाभले, त्यांच्यावर एक ऋण राहते आणि ते ज्याचे त्याला फेडता येत नाही. डॉ. ब्रह्म प्रकाश १९८४ साली गेले, प्रा. धवन २००२ साली. श्रीहरिकोट्याच्या केंद्राला त्याच वर्षी धवन ह्यांचे नाव देण्यात आले. कलामांनी आपले ऋण पुढच्या पिढीकडे फेडले. राष्ट्रपतिपदावर असताना आणि त्यानंतरही ते शाळा-महाविद्यालयांतील मुलांना भेटत राहिले, त्यांचे प्रश्न ऐकत राहिले. २७ जुलै २०१५ रोजी शिलाँग येथे विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देत असतानाच त्यांचे निधन झाले.

ह्या सभेत पांढऱ्या केसांचे वाचक बरेच दिसतात, म्हणून शेवटचे दोन शब्द त्यांच्यासाठी. येत्या निकालाच्या दिवशी आपल्या घरी कोणाचा चेहरा उतरलेला दिसला, तर लगेच काही बोलू नका. थोडे थांबा. तो झोपला असेल तर झोपू द्या. जागा झाला की जेवावयास सोबत घ्या. शेजारीपाजारी विचारावयास येतील, त्यांना उत्तर आपण द्या. गुणपत्रिका दुसऱ्या दिवशीही उघडता येते. त्या दिवशी ती दोघांनी मिळून पाहावी आणि कोठे चुकले ते खरेखरे बोलावे. आणि पुढे कधी यश आले, पेढे घेऊन मंडळी जमली, की आपण एक पाऊल मागे सरावे आणि बोलण्याची पाळी त्याला द्यावी.